पाच बंधनं जास्त

साडेअकरा वाजले तरी खुर्ची जागची हलेना. खरी खुर्ची नव्हे, काटेकोररावांच्या संगणकातली. दंतवैद्याच्या दवाखान्यासाठी केलेली, पाठ मागे झुकली की पाय वर येणारी. बटण दाबलं की पडद्यावर एकच लाल ओळ उमटे : या सांध्यावर पाच बंधनं जास्त आहेत.

काटेकोरराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव. कारखान्यात अकरा वर्षं नोकरी, आणि या अकरा वर्षांत त्यांचं एकही ड्रॉइंग चूक म्हणून वर्कशॉपातून परत आलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते कुणापासून लपवतही नसत.

"अहो, पाठीला दोन बिजागऱ्या आहेत," शेजारच्या टेबलावरची ट्रेनी म्हणाली. "एक बिजागरी पाच बंधनं घालते, म्हणजे पाच तऱ्हेची हालचाल अडवते. दोघींची झाली दहा. लागतात पाचच. त्यात डावी केसभर तिरकी असेल, तर दोघी एकमेकींना अडवून बसणार."

"तिरकी? माझी?" काटेकोररावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. बिजागरी खरंच केसभर तिरकी होती. "असू दे. जास्त आहेत ना? मग काढून टाकू."

त्यांनी डावी बिजागरी उडवली. पाठ हलली! मग हुरूप आला. जास्तीचं म्हणून त्यांनी हाताचा एक सांधा काढला, पायाचे दोन काढले. लाल ओळ गेली. तेवढ्यात दार उघडून मालक आत आले, आणि त्यांच्यामागून मालकांची मावशी. मावशी दातांची डॉक्टर. चार वाजता यायची होती, ती पेशंट आला नाही म्हणून बाराला आली. तिला आवडली तर वीस खुर्च्यांची ऑर्डर होती.

"दाखवा, दाखवा!" मालक म्हणाले.

"साहेब, अजून जरा..."

मालकांनी स्वतःच बटण दाबलं. पाठ मागे झुकली, झुकतच राहिली, जमिनीतून आरपार जाऊन समोरून वर आली. हात सुटून छताकडे निघाला. पायाची फळी उसळली, आणि संगणकातल्या पेशंटचे दोन्ही गुडघे त्याच्या नाकाला जाऊन टेकले.

मावशीने वाकून नीट पाहिलं.

"दाढेपर्यंत पोचायला मला आधी गुडघे बाजूला करावे लागतील," ती म्हणाली.

"मावशी, हे नुसतं चित्र गं! खरी खुर्ची खाली तयार आहे. लोण्यासारखी हलते."

सगळे वर्कशॉपात गेले. खुर्ची बनवणाऱ्या मिस्त्रींनी कळ दाबली. पाठ अलगद मागे गेली, पाय अलगद वर आले. मावशी बसली, झोपली, उठली. तिचा चेहरा खुलला, आणि लगेच पुन्हा आक्रसला.

"त्याच ड्रॉइंगवरून केलीत ना ही? संगणकात ती धड हलत नाही, आणि ही हलते. खोटं कोण बोलतंय?"

मालकांनी काटेकोररावांकडे पाहिलं. काटेकोररावांनी मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी हातातल्या फडक्याकडे.

"कुणीच नाही, बाई," मिस्त्री शेवटी म्हणाले. "ड्रॉइंगप्रमाणे केली तेव्हा अडकलीच होती. मग मी डावीकडचं भोक कानशीने थोडं मोठं केलं. नेहमी करतो तसं."

"नेहमी?" काटेकोररावांनी विचारलं.

"म्हणजे... प्रत्येक ड्रॉइंगला असं नाही. एक स्टूल होतं, ते पहिल्याच झटक्यात, कानशीशिवाय बसलं होतं."

काटेकोरराव जवळच्या खोक्यावर टेकले. त्यांचे कान लालेलाल झाले होते. अकरा वर्षं! आणि माणूस एका शब्दाने बोलला नाही.

"सांगायचं होतंत हो मला."

"तुम्ही इतके खुश असायचात," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, दोन मिनिटांचं तर काम."

काटेकोररावांना रागवायचं होतं, पण हसू आलं. ते उठले, मिस्त्रींना हाताला धरून वर घेऊन गेले आणि आपल्या खुर्चीत बसवलं; बाकीचे मागोमाग आलेच. "आता मला सांगा, डावीला किती मोकळीक देता?"

"पाठ ज्या दांड्यावर फिरते, हिने फक्त त्या दांड्याच्या रेषेत राहायचं. डावी-उजवीकडे सरकली, जरा कलली, तरी चालेल."

"म्हणजे दोनच बंधनं," ट्रेनी पुटपुटली. "मग उजवीला चेंडूसारखा गोल, कसाही वळणारा पण सरकू न देणारा सांधा दिला की तिची तीन. तीन आणि दोन, पाच!"

तसं केलं, काढलेले सांधे परत लावले, त्यांनाही हाच हिशेब लावला आणि बटण दाबलं. संगणकातला पेशंट संथपणे आडवा झाला. मावशीने तिथेच वीस खुर्च्या सांगितल्या.

संध्याकाळी काटेकोररावांनी नवं ड्रॉइंग स्वतः खाली नेऊन दिलं. मिस्त्रींनी ते दिव्याखाली धरलं, मापं तपासली, उलटं करून पाहिलं. कानस पुढे ओढली, पुन्हा मागे सारली. चेहरा उतरत चालला.

"सगळं बरोबर आहे हो," ते खिन्नपणे म्हणाले. "मला करायला काही ठेवलंच नाहीत."

इतक्यात मिस्त्रींचं बोट कागदाच्या वरच्या कोपऱ्यावर थांबलं आणि डोळे चमकले.

"साहेब, 'खुर्ची'तला खु ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाय."

आणि कानामागची पेन्सिल काढून त्यांनी समाधानाने ते दुरुस्त केलं.