मुक्या बाईंची शिकवणी

बालशिक्षणाच्या अभ्यासक्रमात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं! मूल कधी बोलतं, कसं शिकतं, कोणत्या वयात त्याला काय उमगतं, सगळे सिद्धांत इतके पाठ की मैत्रिणी त्यांना तोंडपाठबाईच म्हणत. बालवर्गात निरीक्षणाला जायच्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बजावलं, "बघाच आज! सर माझं निरीक्षण सगळ्यांना नमुना म्हणून दाखवणार!"

"सकाळभर तू गप्प बसणार?" दाढी करता करता नवऱ्याचा हात थांबला.

"निरीक्षकानं कपाटासारखं असावं. मुलांच्या मध्ये मध्ये करायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही!"

वर्गात त्या कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीत बसल्या, तेव्हा गुडघे हनुवटीला टेकले. वर्गाच्या ताई रंगांच्या सांडलवंडीत गुंतल्या होत्या. एवढ्यात दोन शेंड्यांची चिमणी समोर येऊन उभी राहिली.

"तुझं नाव काय?"

बाई गप्प. नियम म्हणजे नियम!

"तू कुणाची आई?"

बाईंनी छताकडे पाहिलं.

"ए ढब्बू, लवकर ये! हिला बोलताच येत नाही!"

ढब्बू खेळण्यातली डॉक्टरची पेटी घेऊन धावला. "आ कर," तो म्हणाला. बाईंनी ओठ आणखी घट्ट मिटले.

"घसा बसलाय," ढब्बूनं निदान केलं आणि गळ्याला पट्टी गुंडाळली. मग कानांवरून. मग डोक्याला.

"अरे, डोकं कशाला?" चिमणीनं विचारलं.

"पट्टी उरली ना!"

आता सगळा वर्ग गोळा झाला. चिमणीनं बाईंच्या मांडीवर चेंडू ठेवला. "म्हण, चेंडू."

बाई गप्प.

"एकदम नको," ढब्बू म्हणाला. "आधी नुसतं चें म्हण. नंतर डू."

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. ज्याला येतं त्यानं न येणाऱ्याला हात द्यायचा, अवघड घासाचे बारके घास करून भरवायचे! रात्र रात्र जागून घोकलेला सिद्धांत डोळ्यांसमोर चालला होता! फक्त न येणाऱ्या त्या स्वतःच होत्या. अभिमानानं त्यांचे डोळे भरून आले.

"रडते ती! रागवू नका कुणी," चिमणीनं दम दिला. "आपल्या ताई रागावतात का?"

पलीकडे ताईंचा रंगाचा हात तसाच हवेत राहिला.

मग सगळ्यांत धाकटा, अजून बोबडा बोलणारा पुढे आला. बाईंचे गाल दोन्ही हातांत धरून म्हणाला, "घाबलू नको. मला पन येत नव्हतं. म्हन, तेंदू!"

बाईंचा बांध फुटला. "तेंदू!"

"बोलली! बोलली!" वर्ग नाचायला लागला. आणि नेमके तेव्हाच दारात सर!

"बाई!" सरांचा आवाज चढला. "निरीक्षण करायला पाठवलं होतं तुम्हाला, करून घ्यायला नाही! काय हा..."

चिमणी कमरेवर हात ठेवून आडवी आली. "ओरडू नका. ती आत्ताच शिकलीये."

सर इतके गांगरले की कुजबुजत "माफ करा" म्हणाले. मग त्यांनी सगळा प्रकार ताईंकडून ऐकला आणि पट्ट्यांतल्या बाईंकडे पाहिलं. "असा वर्ग मी पाहिला नाही," ते हळूच म्हणाले. ताईंनी मान खाली घातली, पण हसू काही लपेना.

शाळा सुटली. फाटकापाशी चिमणीनं आजोबांना बाईंसमोर आणून उभं केलं. "हिला बोलता येत नव्हतं. आम्ही शिकवलं!"

आजोबा कळवळले. एकेक शब्द सुटा करत, मोठ्यांदा म्हणाले, "काळजी... नको... हं! येईल... सगळं... हळूहळू!"

एका वाक्यात खुलासा झाला असता. पण चिमणीचा चेहरा असा फुलला होता की बाईंनी सगळे सिद्धांत गिळले आणि अडखळत म्हटलं, "हो... आजोबा."

चिमणीनं टाळीच वाजवली. "ऐकलंत? हे तर मी शिकवलंही नव्हतं!"