जमिनीवर जागा असतेच!

सांगून ठेवते, लॉजिक प्रोग्रामिंग आमच्या वर्गात माझ्याइतकं कुणालाच येत नाही! त्यात कॉम्प्युटरला 'असं कर, तसं कर' म्हणून हुकूम सोडायचेच नाहीत. फक्त खरं काय ते सांगायचं आणि प्रश्न विचारायचा. वाट तो शोधतो! ठोकळ्यांची रास हलवायचं कोडं तर मी चुटकीसरशी सोडवलं होतं.

म्हणूनच, आईचं प्रमाणपत्र अडगळीच्या खोलीत सर्वांत खालच्या खोक्यात आहे असं कळलं, तेव्हा घरात एकच व्यक्ती खूश होती. मी! अकरा वाजता आईची मुलाखत, तीही बारा वर्षांनी पहिली. मूळ प्रमाणपत्राशिवाय दारातसुद्धा उभं करणार नव्हते.

"बाबा, हात लावू नका! आधी योजना!"

सात खोकी, एकावर एक, छताला डोकं टेकवून उभी. मी बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर भराभर नियम लिहिले. डोक्यावर काही नसेल तेच खोकं उचलायचं. एका वेळी एकच. ठेवायचं जमिनीवर, नाहीतर दुसऱ्या खोक्यावर. आणि जमिनीवर जागा नेहमीच असते!

उत्तर क्षणात आलं. सहा पायऱ्या. सहाही वेळा 'जमिनीवर ठेवा'.

"हे तर मांजरालाही सुचलं असतं," दादा म्हणाला. जळकुटा!

बाबा उचलू लागले. चौथ्या खोक्याला ते थांबले.

"हे कुठे?"

"जमिनीवर."

"जमीन कुठाय?"

"असतेच हो! दार लावून घ्या, त्याला टेकवून ठेवा."

"या दुसऱ्यावर ठेवू का?"

"योजनेत नाही!"

सहावं खोकं टेकलं तेव्हा बाबा कोपऱ्यात बगळ्यासारखे एका पायावर, आणि मी तिसऱ्या खोक्यावर पालथी. पण प्रमाणपत्र मिळालं! मी विजयी मुद्रेनं दार ओढलं. जेमतेम बोटभर उघडलं! ते आत उघडतं, आणि मध्ये खोकं ठाण मांडून बसलेलं.

"साडेदहा झाले!" बाहेरून आई ओरडली. "फटीतून दे! घडी घालू नकोस गं बाई!"

कागद सुखरूप बाहेर गेला. आम्ही आतच.

"दादा! दार उघडायला काय करू, विचार त्याला!"

बाहेरून कीबोर्डची टकटक टकटक. "नाही म्हणतोय. दार म्हणजे काय हेच त्याला माहीत नाही!"

बरोबर आहे. मी सांगितलंच नव्हतं.

"अगं, दाराजवळचं खोकं दुसऱ्यावर चढवा!" चपला घालता घालता आई म्हणाली आणि गेलीसुद्धा.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

दुपारी आई नाचतच परतली. नोकरी मिळाली! मी तिच्या गळ्यातच पडले.

"काय काय विचारलं गं?"

"बरंच. शेवटी म्हणाले, कामात अडलं तर घरी कॉम्प्युटरचं कळणारं कुणी आहे का?"

मी मान ताठ केली. "मग? तू काय सांगितलंस?"

"खरं काय ते सांगितलं," आई म्हणाली. "कुणीही नाही!"