‘याला जोडू नका’

आमच्या नोंदणी कार्यालयातलं वायफाय एका सोमवारी अचानक हळू झालं. पाच मिनिटांत निघणारा दाखला पाऊण तास घ्यायला लागला. बाहेरच्या रांगेला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण साहेबांच्या फोनवरचा क्रिकेटचा सामना मध्येच गोठला, आणि बाब गंभीर असल्याचं निदर्शनास आलं.

लगेच सुरक्षा अधिकारी नेमले गेले. त्यांची पात्रता म्हणजे त्यांच्या मेहुण्याचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. दोन दिवस अभ्यास करून त्यांनी शोध लावला, की पासवर्ड बाहेर फुटतोय. पासवर्ड होता एक ते आठ आकडे, ओळीनं. तो बदलून त्यांनी बावीस अक्षरांचा केला. त्यात चार चिन्हं तर अशी, की ती कीबोर्डवर कुठे असतात हे शोधण्यात आमच्या लेखापालांची एक दुपार गेली. नव्या पासवर्डसकट तसा गोपनीय आदेश निघाला.

आता आमच्याकडे नियम असा, की निघालेला प्रत्येक आदेश सात दिवस सूचना फलकावर लावायचा. फलक दरवाज्याबाहेर, रस्त्याकडे तोंड करून. आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंनी तो नियमाप्रमाणे काचेआड लावला, काचेला कुलूप घातलं. वर लाल ठसठशीत अक्षरांत ‘गोपनीय’. एरवी त्या फलकाकडे कुत्रंही बघत नाही, पण त्या दिवशी लोक टाचा उंचावून वाचत होते. समोरच्या न्हाव्यानं तर फोटो काढून आरशाच्या कोपऱ्यात चिकटवला. गिऱ्हाइकांची सोय.

मी सुचवून पाहिलं, की फलक जरा आत घ्या.

“नियम आहे,” सुरक्षा अधिकारी म्हणाले. “नियमच मोडला, तर सुरक्षेला अर्थ काय राहिला?”

मग पासवर्ड दर सोमवारी बदलायला लागला. दर सोमवारी नवा आदेश, नवा कागद, न्हाव्याकडे नवा फोटो. वायफाय पार गाळात गेलं. तेव्हा अधिकाऱ्यांनी फितूर शोधून काढला. प्रत्येक आदेश ज्यांच्या हातून जातो, त्या बाईच. त्यांची बदली लांबच्या शाखेत करायचं ठरलं, जाऊन-येऊन सहा तास. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना दुपारी जेवू घालायला बाईच जातात. बाई रडल्या-बिडल्या नाहीत. टेबलावरचे शिक्के डब्यात भरायला लागल्या. ते काही मला बघवेना.

मला बावन्नाव्या वर्षीही ऑफिसात ‘कार्टं’ म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. घरचा जुना राऊटर आणला, फायलींच्या कपाटामागे ठेवला. पासवर्ड दिला नाही. इंटरनेटची तारसुद्धा जोडली नाही. फक्त नाव दिलं: ‘याला जोडू नका’.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत चव्वेचाळीस फोन जोडले गेले. दोन वाजता सुरक्षा अधिकारी स्वतः लेखी तक्रार घेऊन आले: ‘याला जोडू नका’ हे नेटवर्क सकाळपासून चालत नाही, तातडीनं दुरुस्त व्हावं. बाईंनी डब्यातून शिक्का बाहेर काढला, तक्रारीवर मारला, आवक क्रमांक घातला.

दुसऱ्या दिवशी बाईंच्या बदलीआधीच्या चौकशीत मी ती तक्रार आणि राऊटरमधली जोडलेल्या फोनांची नावांसकट यादी साहेबांपुढे ठेवली.

“अहो, नावातच लिहिलंय की जोडू नका,” मी म्हणालो.

“पण त्याला पासवर्ड नव्हता,” अधिकारी म्हणाले.

“मग?”

“मग काय, जोडलं.”

साहेब यादी वाचत होते. पहिलंच नाव वाचून ते थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नाव तेच होतं, त्यांचं स्वतःचं. म्हणाले, हे कागद इथल्या इथे फाडून टाकू.

“आवक नोंद झालीय, साहेब,” बाई शांतपणे म्हणाल्या. “बदलीचा आदेश निघाला, की चौकशीचे कागदही सोबत लावावे लागतील. फलकावर. सात दिवस.”

आदेश निघाला नाही. शिक्के टेबलावर परत आले. पासवर्ड अजून दर सोमवारी बदलतो आणि न्हाव्याचा धंदा जोरात आहे.

हसलात ना? हसा. आमच्या ऑफिसात मी आणि बाई सोडून माणसं एकोणतीस, आणि यादीत फोन चव्वेचाळीस. वरचे पंधरा बाहेरच्या रांगेतले, तुमच्यासारख्या शहाण्यासुरत्या माणसांचे. कुणाकुणाचे ते मी सांगत नाही. तुमचा फोन आत्ता कशाला जोडलाय, तेवढं मात्र बघा. नाव वाचलं होतंत, की पासवर्ड मागितला नाही म्हणून आपलंच समजून घुसलात?