अवयवांचे खातेवाटप आणि एक सुटलेली जागा

मानवी शरीर ही सृष्टीतील सर्वांत परिपूर्ण रचना आहे. हृदय न सांगता धडधडते, मूत्रपिंडे कोणी आभार मानत नसतानाही गाळत बसतात, आणि यकृत नेमके काय करते हे ठाऊक नसूनही माणूस सत्तरी गाठतो. ही परिपूर्ण रचना स्वतःची पाठ मात्र स्वतः खाजवू शकत नाही. खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे, तळहाताएवढी एक जागा आहे. तिथे वरून जाणारा हात पोचत नाही आणि खालून येणाराही पोचत नाही. (जाणकारांच्या मते ही चूक नसून योजना आहे. माणसाने लग्न करावे म्हणून.)

सध्या मला तिथेच खाज सुटली आहे. पुढील निवेदन त्यासंबंधी आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा माझी प्रकृती उत्तम होती, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू झाली. आजारी माणसाची काळजी एकटा डॉक्टर घेऊ शकतो. धडधाकट माणसाची काळजी घ्यायला अख्खे घर लागते. तेव्हा एका रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती घरची बैठक बसली. विषय मीच असल्याने मला मताचा अधिकार नव्हता.

"एकट्या बाईने यांचं कुठं कुठं बघायचं?" बायको म्हणाली. "मी पोट बघते. बाकीचं तुम्ही वाटून घ्या."

त्यानुसार पचनसंस्था, अन्ननलिकेपासून थेट शेवटपर्यंत, बायकोकडे गेली. यकृत आणि स्वादुपिंड ही संलग्न कार्यालये म्हणून तिलाच जोडून देण्यात आली. हृदय व रक्ताभिसरण मुलाकडे गेले, कारण त्याने माझ्यासाठी एक घड्याळ आणले होते. ते माझ्या मनगटावर बसते आणि त्याच्या फोनवर माझ्या चहाड्या करते. मेंदू सुनेने आपण होऊन मागून घेतला. (तिथे काम कमी असेल, असा तिचा अंदाज होता.) हाडे, सांधे व मणके थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आक्काकडे आले. आक्काने स्वतःचे दोन्ही गुडघे बदलून घेतले असल्यामुळे तिच्या अनुभवाला घरात तोड नाही. मेहुण्याला खरे तर हृदय हवे होते. ते आधीच गेल्याचे कळल्यावर तो गाल फुगवून बसला. शेवटी दोन मूत्रपिंडे आणि वर दोन फुफ्फुसे देऊन त्याची समजूत काढण्यात आली. संख्येने सर्वांत जास्त अवयव आपल्याकडे आहेत, हे तो अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

अपेंडिक्सला कोणी वाली मिळेना. ते कधीच काढून टाकले आहे, हे मी निदर्शनास आणून दिल्यावर सगळ्यांना हायसे वाटले.

ही व्यवस्था सुरू झाल्यापासून माझ्या देखभालीत पाचपट वाढ झाली आहे. पूर्वी दिवसाकाठी सरासरी एक माणूस माझ्याकडे लक्ष देई, तेही चुकून. आता पाच जण देतात. खात्याखात्यांत मतभेद होतात, पण ते सामोपचाराने मिटतात. हृदयासाठी मी जिने चढावेत असे मुलाचे म्हणणे होते आणि गुडघ्यांसाठी चढू नयेत असे आक्काचे. तोडगा असा निघाला, की मी सकाळ-संध्याकाळ जिन्याने चढतो आणि लिफ्टने उतरतो. (चढण्याआधी खाली असावे लागते, म्हणून आधी लिफ्टने उतरतो.) मूत्रपिंडांसाठी मेहुणा मला लोटीलोटीने पाणी पाजतो. त्यामुळे रात्री उठावे लागते, त्यामुळे झोप मोडते, त्यामुळे मेंदूखाते नाराज होते. सध्या सून आणि मेहुणा एकमेकांशी माझ्यामार्फत बोलतात.

अशा या सुरळीत कारभारात परवा सकाळी चहाच्या वेळी मी सहज म्हणालो, "अरे, जरा पाठ खाजवा कोणीतरी."

पाचही कप खाली ठेवले गेले.

"पाठ कोणाकडे आहे?" सुनेने विचारले.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले, आणि ती ऐतिहासिक त्रुटी तेव्हा उघडकीला आली. वाटपाच्या वेळी जो तो आतल्या अवयवांवर तुटून पडला होता. त्वचा हा शरीराचा सर्वांत मोठा अवयव; तो वाटायचाच राहिला होता. डोक्यापासून पायापर्यंत मी तिच्यातच गुंडाळलेला असल्यामुळे ती कोणाच्या नजरेला पडली नाही.

"मणक्यावर आहे का?" आक्काने विचारले.

"मणक्याच्या जरा डावीकडे."

"मग माझ्याकडे नाही येत."

"डावीकडे म्हणजे हृदय," मेहुणा मुलाकडे बघत म्हणाला. जुने दुःख असे मधूनच वर येते.

"हृदय पुढून, मामा. मागून फुफ्फुस लागतं."

"फुफ्फुस आत असतं. मी आतलं बघतो."

जागा कोणाचीच नाही, हे असे सिद्ध झाले. कारण मात्र प्रत्येकालाच हवे होते. "पित्त उठलं असणार. काल मला न सांगता दुसऱ्यांदा चहा घेतलात," असे म्हणून बायकोने माझ्यासमोरचा कप उचलला. "पाणी कमी पडतंय, दाजी," म्हणत मेहुण्याने त्या जागी लोटी ठेवली. मुलाने, घड्याळ मध्ये काढले होते का, याची चौकशी केली. आक्काने माझी खुर्ची बदलून तिथे एक स्टूल दिले. (स्टुलाला पाठ नसते. खुर्चीच्या पाठीवर मी गुपचूप घासत होतो, तेही गेले.)

सुनेची भूमिका अधिक मूलगामी होती. "बाबा, खाज पाठीला सुटतच नाही. ती मेंदूत असते. पाठीला नुसतं वाटतं."

"मग मेंदू खाजव."

"शंभरापासून सात-सात वजा करत मागे या. लक्ष दुसरीकडे गेलं की थांबेल."

मी पासष्टपर्यंत आलो. पासष्टलाही खाजतच होते.

त्यानंतर मी वैयक्तिक पातळीवर प्रयत्न केले, हे नाकारत नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून वरखाली होत असताना आक्काने पकडले. "मणके सरकले म्हणजे मला सांगू नकोस," ती म्हणाली, आणि घरातल्या सर्व चौकटी, खांब व कपाटांचे कोपरे मला वर्ज्य झाले. उलथने घेऊन बघितले. पण उलथने हे पचनसंस्थेचे साहित्य असून त्याचा वापर माझ्यावर फक्त आतून करता येतो, असे बायकोने बजावले. फूटपट्टी जागेवर पोचली, आणि मोडली.

अखेर मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेण्यात आले. प्रत्येक खात्याला आपली बाजू मांडायची असल्याने पाचही जण सोबत आले. डॉक्टरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले, मग माझा सदरा वर करायला लावला आणि त्या जागेकडे भिंगातून बराच वेळ पाहिले. भिंग आणि पाठ यांच्यात वीतभर अंतर होते. तिथवर आलेला तो हात, ती पाच मोकळी बोटे, कापलेली असली तरी नखेच ती. माझा धीर सुटला.

"डॉक्टर, आता एवढे जवळ आलाच आहात, तर जरा..."

"कोरडी त्वचा. मलम देतो, दोनदा लावा."

"कोणी?" मी विचारले.

"ते घरचं बघा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. विज्ञान कुठवर जाते आणि कुठे थांबते, हे मला त्या दिवशी वीतभर अंतरावरून कळले.

मलमाची नळी टेबलावर उभी आहे. येताजाता सगळे तिच्याकडे आदराने बघतात.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. (मूत्रपिंडे.) बायको ओट्यापाशी होती. बोलता बोलता, म्हणजे मला बोलता बोलता, ती मागून गेली आणि तिचा हात माझ्या पाठीवर आला. खातेवाटपाच्या आधी, संसारातली सगळी वर्षे, ती अशीच बोलता बोलता खाजवायची. तिने कधी जागा विचारली नाही आणि मी कधी सांगितली नाही. कालही नखे थेट तिथेच टेकली. फऱ्यांच्या मधोमध, किंचित डावीकडे. मी डोळे मिटले. अंगातून काहीतरी सुटून खाली गेल्यासारखे वाटले.

तेवढ्यात मनगटावरचे घड्याळ ओरडू लागले.

"बाबा, काय झालं?" मुलगा आतल्या खोलीतून धावत आला. "ठोके एकदम उतरलेत."

मागोमाग मेहुणा लोटी घेऊन आला. सुनेने माझ्या डोळ्यांपुढे बोट नाचवून आज वार कोणता ते विचारले. आक्का दारातच थांबली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही.

"मणक्याला हात लावलास ना गं?"

"मी कशाला लावू, आक्का?" बायकोने हात पदराला पुसत मागे घेतला. "मी पित्त बघत होते."

तिच्याइतकी सरळ बाई माझ्यासाठी खोटे बोलली, या विचाराने मला भरून आले. पण घड्याळ पुन्हा ओरडेल म्हणून मी ते दाबून टाकले.

रात्री जेवताना तातडीची बैठक झाली. घडल्या प्रकाराची पुनरावृत्ती टाळण्यासाठी त्वचेचे स्वतंत्र खाते निर्माण होईपर्यंत त्या जागेला कोणीही हात लावू नये, असे एकमताने ठरले. (बायकोने मत दिले, पण माझ्याकडे न बघता.) या खात्यासाठी हितसंबंध नसलेली व्यक्ती हवी. म्हणजे जिच्याकडे माझा दुसरा कोणताही अवयव नाही, जिला माझ्या प्रकृतीची तिळमात्र काळजी नाही आणि जिचे हात रिकामे आहेत. अशी व्यक्ती घरात नाही.

आपण मात्र इथवर वाचत आलात. माझी ही दशा होत असताना आपण आरामात बसून मजा बघितलीत, आणि एकदाही उठला नाहीत. म्हणजे तिन्ही अटी आपण पूर्ण करता. एव्हाना आपल्याही पाठीत, त्याच जागी, काहीतरी सुरू झाले असेल. वरून हात नेऊ नका, पोचणार नाही. आपले आपण नंतर बघू.

आधी जरा इकडे या. डावीकडे. अजून थोडं खाली.