लॅपटॉपला ड्रायव्हर पाहिजे

ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून झालं तेव्हा मी अख्ख्या घराला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "आता दहा वर्षं याच्याकडे बघायला नको!" त्याच भरात लॅपटॉपच्या पुढच्या कडेवर पेंग्विनचं स्टिकर लावलं. अंगठ्याने चांगलं दाबून, घासून. लिनक्सचं बोधचिन्हच ते!

दुसऱ्या दिवशी सकाळी वाय-फाय गायब. नुसतं बंद नव्हे, या घरात ते कधी राहतच नव्हतं असं!

"अकरा वाजता माझी ऑनलाइन मुलाखत आहे," ताई म्हणाली. "चार महिन्यांत आलेली एकुलती एक! तिघं जण माझे पुलाचे नकाशे बघणार. मोबाईलवर पूल दाखवू की काडेपेटी?"

"तू केस विंचर. मी आहे ना!"

"तू आहेस म्हणूनच विचारतेय."

मी पडद्यावर आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडून आज्ञा दिली. पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धो धो कोसळल्या. कळलं काहीच नाही, पण अंगावर काटा आला. एवढी अक्षरं, आणि सगळी मला उद्देशून! शेवटी लिहून आलं, 'हार्ड ब्लॉक्ड: येस.' हार्ड म्हणजे कडक, असा मी अर्थ लावला आणि आणखी कडक आज्ञा दिल्या. तेही कडकच राहिलं.

पावणेअकरा झाले. मी ओरडलो, "ड्रायव्हरच सापडत नाहीये!"

बाबा अर्ध्या दाढीचा फेस तसाच घेऊन धावत आले. एकतीस वर्षं ट्रक चालवलाय त्यांनी.

"कुठल्या गाडीवरचा? नाव सांग, लाइनवरचे सगळे ओळखतो मी!"

"बाबा, लॅपटॉपचा ड्रायव्हर."

"याला ड्रायव्हर लागतो?" बाबांच्या आवाजात एवढा आदर मी जन्मात ऐकला नव्हता. "मग कालपासून कोण चालवतंय?"

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं.

"लायसन्स?"

"बाबा, हे सॉफ्टवेअरचं..."

"गाडीभोवती चक्कर मारलीस?"

"काय?"

"सुरू करायच्या आधी. टायर, दिवे, खाली काही गळतंय का..."

आणि बाबांनी खरोखर टेबलाभोवती चक्कर मारली! वाकून, डोळे बारीक करून, लॅपटॉपच्या चारही बाजूंना टिचक्या मारत. पेंग्विनपाशी थांबले.

"हा पक्षी कशावर बसलाय?"

टर्रकन स्टिकर निघालं. खाली इवलंसं बटण, शेजारी वाय-फायचं चित्र. बटण बंदच्या बाजूला सरकलेलं. माझ्या अंगठ्याने. चांगलं दाबून, घासून.

'हार्ड ब्लॉक्ड' म्हणजे हे खरंखुरं बटणच बंद! बाबांनी ते नखाने सरकवलं. खट्! पडद्याच्या कोपऱ्यात अख्ख्या इमारतीची वाय-फायं हजेरीला उभी राहिली.

दहा अठ्ठावन्न. ताई खुर्चीत, आम्ही दाराबाहेर. मी बाबांच्या त्या नखाकडे बघत होतो. मी सतरा आज्ञा दिल्या होत्या, त्यांनी एकही नाही!

आतून आवाज आला, "पुलात दोष आढळला, तर सुरुवात कुठून कराल?"

"आधी पुलाभोवती एक चक्कर मारेन, सर," ताई म्हणाली.

नोकरी लागली. हल्ली बाबा भेटेल त्याला सांगतात, "लॅपटॉपचाही ड्रायव्हर मीच."

आणि मी ओलं फडकं घेऊन पेंग्विनचा उरलेला डिंक पुसतोय. ट्रकवर या हुद्द्याला क्लीनर म्हणतात.