सिंहमुखाची वीस मिनिटं

मैलापूरच्या राजगोपालरावांनी त्या संध्याकाळी भांड्यांचं दुकान दोन तास आधी बंद केलं, तिथेच चुकलं. चार गिऱ्हाइकं भेटली असती, तर बोलण्याची हौस दुकानातच फिटली असती.

पण मुलानं, विश्वेशनं, पहिल्यांदाच बोलावलं होतं. कॉलेजच्या स्पर्धेत त्याच्या बँडला वीस मिनिटं मिळाली होती. गिटारवरून बापलेकांत दोन वर्षं धुसफूस, तेव्हा हे बोलावणं म्हणजे तहच.

"नुसतं बसायचं, अप्पा."

"तेही गप्प," कनकाबाईंनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, भर घातली.

रावसाहेब बसलेही. एवढ्यात भोवतालच्या पोरांनी तर्जनी आणि करंगळी उभारून हात नाचवले.

"हे काय रे?"

"रॉकची खूण. परदेशातल्या एका गायकाची आजी म्हणे अशी दृष्ट घालवायची."

"आजी कसली! हे आपलं भरतनाट्यातलं सिंहमुख. तंजावरहून गेलंय!" (चांगलं ते सगळं तंजावरहून गेलेलं असतं, ही रावसाहेबांची ठाम समजूत.)

विश्वेश हसला आणि स्टेजवर गेला. पहिल्याच सुराला गिटारची तार तुटली. पोरं हुर्यो करू लागली. मुलाची फजिती बापाला बघवेना. दोनच मिनिटं सांभाळू, म्हणून रावसाहेब स्टेजवर चढले आणि माइक धरला.

"मधली दोन बोटं अंगठ्याला टेकवा! टेकली? झाला सिंह!"

शेकडो सिंह उभे राहिले. तार दोन मिनिटांत बसली, पण रावसाहेबांनी मागे वळून बघितलंच नाही. सिंहावरून तंजावर, तंजावरवरून आजोबांची बैलगाडी, तिथून पितळेची कल्हई.

"पोदुम, अप्पा! पुरे!"

"वन्स मोअर!" पोरं ओरडली. मग घंटा झाली. वीस मिनिटं संपली.

घरी जाताना कनकाबाई रागावल्या नाहीत (म्हणजे प्रकरण गंभीर). गाडीत विश्वेशचा हात गिटारच्या पेटीवर होता. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. ते रावसाहेबांना आज दिसले.

आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी विश्वेश दुकानात आला.

"चुकलं रे माझं," रावसाहेब म्हणाले.

"जाऊ द्या, अप्पा. पुढच्या महिन्यात अण्णा नगरला स्पर्धा आहे. याल?"

रावसाहेबांचे डोळे भरून आले. "येतो! तोंडाला कुलूप लावून बसतो."

"छे, छे! आमच्या आधी एक बँड आहे, फारच चांगला वाजवतो. त्यांची वेळ सुरू झाली की तुम्ही स्टेजवर चढा."