रयतेच्या खुर्चीचा चौथा पाय

मध्यवर्ती बँकेच्या धन्यांनो, बँकांवर चौकी बसवावी म्हणोन रयतेने तुम्हांस तख्त दिले आणि तुम्ही चौकीच्या किल्ल्या बँकवाल्यांच्याच कमरेस बांधिल्या. इलजाम खरा की खोटा, ते पुढील हकीकतीवरून शहाण्यांनी जाणावे. हकीकत ऐसीजे:

व्याजाचा दर ठरवावा आणि बँकांची तपासणी करावी, याकरिता तख्तापाशी बारा खुर्च्यांची मजलस असे. अकरांवर अकरा बँकांचे सरदार, आणि बारावी कायद्याने रयतेची, चिठ्ठी टाकून नाव निघेल त्याची. शर्त ऐसी की, खुर्चीवर बसला तोच हजर. लागोपाठ तीन सभा गैरहजर, तर खुर्ची बँकांच्या संघास कायमची बहाल. सात वर्षांनी यंदा प्रथमच चिठ्ठी निघाली, ती सुतारमावशींची, चाळीस वर्षे रंधा चालविलेल्या बाईची. मग त्या पहिल्या सभेस गेल्या, तो कारभाऱ्यांनी अदबीने कळविले की, रयतेच्या खुर्चीचा पाय मोडला आहे, दुरुस्तीची निविदा निघाली आहे, सबब आपण गैरहजर. दुसऱ्या सभेस तेच. विधिमंडळास जाणाऱ्या अहवालात मात्र 'रयतेची खुर्ची मौजूद' हे कलम सात वर्षे सुवाच्य अक्षरी चढत होते. आणि खोटे कसे म्हणावे, खुर्ची मौजूद होतीच, कोठीत, झाडूंच्या शेजारी.

येथे गनीम चुकला. मोडक्या खुर्चीचा बहाणा त्याने सुतारणीस सांगितला.

तिसऱ्या सभेच्या दिवशी मावशींनी हत्यारांची पिशवी भरली आणि दिरास कुमकेस घेतले. दीर कचरत म्हणाले, "वहिनी, तिथं सगळे कोट घालून बसतात. तुम्ही करवत घेऊन जाणार?"

"कोटानं पाय जोडता येतो का, भाऊजी? मग पिशवी धरा."

दरवाजावर पहारेकऱ्याने अडविले. "बाई, करवत कशाला?"

"हजेरी लावायला."

पहारेकरी हुकूम विचारण्यास उठला, तो त्याचे स्टूल डुगडुगले. मावशींनी पिशवीतून पाचर काढून स्टुलाच्या पायाखाली ठोकिली, तो बसून पाहता जाहला, पुन्हा बसून पाहता जाहला, आणि 'जा आत' म्हणाला. येणेप्रमाणे पहिला दरवाजा रक्तपाताविना सर जाहला.

मग कोठीतून खुर्ची काढिली, परंतु चौथ्या पायास लाकूड नाही. ओसरीत 'जनतेच्या सूचना' ऐसी सागवानी पेटी भिंतीस जडविलेली होती. मावशींनी ती उतरविली आणि आतील सूचना आधी अदबीने काढून ठेवाव्या म्हणोन करवत लाविली, तो आत पेटीच नाही. सारा भरीव ठोकळा, वरची फट बोटभर खोल.

"तरीच," दीर म्हणाले, "माझं पत्र अर्धं बाहेर राहत होतं."

मग त्याच ठोकळ्याचा पाय तासिला, खुर्चीच्या खाचेत ठोकून बसविला, आणि मावशी खुर्ची डोईवर घेऊन ऐन मजलसीत शिरल्या. बँकांची तपासणी बँकांनीच करावी की मुळी करूच नये, यावर तेव्हा सरदारांत तुंबळ युद्ध माजले होते. मावशींस बसलेले पाहून तख्तावरचे मोठेसाहेब सर्द जाहले आणि पाय निविदेबाहेरचा असल्याचा शेरा मागविला. परंतु कायद्यात 'खुर्चीस पाय चार' इतकेच लिहिले होते. मग साहेबांनी जातीने मेजाखाली वाकून पाय मोजिले, मग अकरा सरदारांनी वाकून मोजिले, चारच भरले, आणि हजेरी चढली.

मावशींनी विचारिले, "तपासायचं ज्यांना, तपासणारे तेच. आणि तुम्ही निवृत्त झालात की यांच्याकडेच नोकरीला जाता. मग आमच्या बाजूनं इथं कोण आहे, साहेब?"

साहेबांनी फर्माविले की, प्रश्न टिपून घ्यावा आणि सभा बरखास्त समजावी. मग सारे उठले. मावशी उठल्या नाहीत.

"उत्तर येऊ दे. घाई नाही, पाय पक्का आहे."

आणि कायदा ऐसा की, बाराही उठल्याविना सभा बरखास्त होत नाही, आणि सभा चालू असता कोणी दालन सोडू नये. मग सरदार एकामागोमाग एक खाली बसले. एकाने कोट काढिला. दुसऱ्याने घरी फोन लाविला की, जेवायला थांबू नका.

येणेप्रमाणे चौथा पाय लागला, बारावी हजेरी चढली, रयतेची फत्ते जाहली, म्हणोन दफ्तरी नोंद असे. सभा अद्याप चालू आहे. साहेब, त्या दालनात आमच्या बाजूने कोण, ते सांगा.